एका वेळी एकच खोली

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या जन्माच्या वेळी कारखान्यात सडपातळपणाचं भारी वेड होतं, म्हणून माझ्या कुशीला सीडी घालायची खाचच ठेवली नाही. दुकानात याचं फार कौतुक झालं. पुढे जो तो हातात सीडी घेऊन मला उलटासुलटा करू लागला, तेव्हा ते कौतुक आटलं.

मला घेतलं घरांचे नकाशे काढणाऱ्या एका आरेखकांनी. त्यांचं सॉफ्टवेअर माझ्यातल्या जुन्या सिस्टिमवरच चाले. आम्ही मिळून कितीतरी जिने आणि न्हाणीघरं काढली. निवृत्तीनंतरही ते रोज कुणीही न सांगितलेली घरं काढत बसत. पत्नी गेल्यापासून त्या घरांना स्वयंपाकघर नसे.

परगावी नोकरी करणारी त्यांची लेक सुट्टीला आली. बाबांचा फोन साधा, बटणांचा. तिला तर रोज त्यांचा चेहरा बघायचा होता. व्हिडिओ कॉलला नवी सिस्टिम हवी होती.

"माझं जुनं काढायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही काढत. दोन्ही राहतील, शेजारी शेजारी."

"आणि भांडली तर?"

"आपण नाही का राहिलो इतकी वर्षं?"

तिने नवी सिस्टिम पेनड्राइव्हवर भरली, माझ्या हार्ड डिस्कचे दोन वाटे केले आणि संध्याकाळपर्यंत माझ्यात दोन बिऱ्हाडं थाटली. सुरू होताना मी विचारायचो, जुनी की नवी? उत्तर आलं नाही तर आपला जुनीत शिरायचो. रोज संध्याकाळी कॉल करीन, असं सांगून ती परत गेली. एका वेळी एकच सिस्टिम चालते आणि कॉल नवीतच येतो, एवढं सांगायचं मात्र विसरली.

बाबा पडले घरांचे जाणकार. शेजारच्या खोलीतली हाक या खोलीत ऐकू येणारच, असा त्यांचा हिशेब. रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून जुन्या सिस्टिमपुढे कॉलची वाट पाहत बसत. पडदा गप्प. जेवायची वेळ टळली की मला मिटून ठेवत.

रविवारी फोनवर औषधं आणि हवामान एवढंच बोलणं व्हायचं. आपल्याशी बोलायला लेकीला सवड नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. तिने काय धरलं, ते मला पुढे कळलं.

एका सकाळी मला सुरू करता करता ते फडक्याने पुसत होते आणि बोट भलत्याच बटणावर पडलं. नवी सिस्टिम उघडली. तिच्यात न उचललेले कॉल एकाखाली एक उभे होते, सगळे संध्याकाळचे. शेवटी शेवटी विरळ होत गेलेले.

बाबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि होते तसेच, बनियनवरच, कॉल लावला.

लेक ऑफिसात होती.

"मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे हे," ती म्हणाली.

"मी रोज इथेच बसलेलो असायचो गं."

मित्रांनो, मला जपा असं म्हणणार नाही. माझे दिवस भरत आले. पण कुणाची वाट पाहत असाल, तर तेवढं त्याच्या कानावर घाला. तेव्हा त्या दोघांच्या मधे मी होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.