पेटीतली चार बोटे माती

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून एकदा खोटे वदवले गेले. तो राग अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली नंदुरबारच्या बशीर सुताराने मला घडवले. तीन फूट उंच, वीतभर रुंद, पुढून काच. माझ्यासारखीच एक जोडीदारीणही त्याने केली. शेतात खड्डा खणायचा, त्याच्या उभ्या भिंतीत पेटी दाबायची आणि मातीचे थर जसेच्या तसे कापून घ्यायचे, यासाठी आम्ही होतो. मग मातीच्या फिरत्या प्रदर्शनाबरोबर ट्रकमधून गावोगावच्या बाजारांत जायचे.

जोडीदारणीत छबूबाईच्या मिरचीच्या वावरातली माती होती. वर वीतभर कसदार थर, त्याखाली मुरूम. माझ्यात होती तिच्या वरच्या अंगाला असलेल्या धुडकूच्या वावरातली. चार बोटे फिकी माती आणि खाली लगेच मुरूम. उतार एकच, पीक एकच. फरक इतकाच, की छबूबाईने उतारावर आडवे दगड रचून बांध घातला होता. प्रदर्शनात माहिती सांगणारे हिंमतराव म्हणत, बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. लोक काचेवर बोटे टेकवून थर मोजत. मला माझ्या चार बोटांची लाज नव्हती. तीच दाखवायला तर मी उभी होते.

पण छबूबाईचा एकटीचा बांध पुरणार नव्हता. धुडकूच्या वावरातून सुटलेले पाणी दरवर्षी जास्त जोराने खाली येई. त्यानेही बांध घालावा म्हणून ती दोन वर्षे त्याच्या मागे लागली होती. शेवटी तो म्हणाला, “पेटीमा दाखाड, मंग मानसू.” तेव्हापासून ती प्रदर्शन आपल्या गावी येण्याची वाट पाहत होती.

प्रदर्शन तिथे पोहोचण्याच्या आठच दिवस आधी नंदुरबारला मोठे पाहुणे यायचे ठरले. पाहुण्यांसाठी भिंत सारवावी, तसे प्रदर्शनाच्या साहेबांनी मला सजवले. असली फिकी माती बरी दिसत नाही म्हणून माझ्यातले सगळे उकरून काढले आणि तापीकाठची काळीभोर माती काठोकाठ भरली. काचेवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र धुडकूच्या नावाचीच राहिली. पाहुणे कौतुक करून गेले. माझी माती परत भरायची कुणाला गरज वाटली नाही.

गावच्या बाजारात छबूबाई धुडकूला घेऊन आली. त्याने चिठ्ठी वाचून घेतली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि माझ्यातल्या काळ्या मातीकडे बोट दाखवून तो हसला.

“वहिनी, मन्ही माटी तं तुन्हापेक्षा काई शे. बांध तूच घाल आखो एक.”

जमलेले लोकही हसले. छबूबाई काचेपाशी वाकली.

“हाई तेनी माटी नही शे. तेना वावरमा खडा शेतस, आठे एक बी नही.” मग ती हिंमतरावांकडे वळली. “भाऊ, तुम्ही सांगा.”

हिंमतरावांना सगळे ठाऊक होते. माझ्यात माती ओतताना टोपली त्यांनीच धरली होती. पण साहेब चार पावलांवर उभे होते.

“पेटीत दिसते तेच खरे,” हिंमतराव म्हणाले.

धुडकूने बांध घातला नाही. त्या पावसाळ्यात वरून आलेल्या लोंढ्याने छबूबाईचे दगड उचलले आणि तिची माती मिरचीच्या रोपांसकट नाल्यात नेली. हिवाळ्यात माझ्यातली काळी माती काढून टाकून हिंमतराव नवा नमुना घ्यायला मला तिच्या वावरात घेऊन गेले. ती कुदळीसमोर येऊन उभी राहिली.

“ऱ्हायनी तेवढी मन्ही शे. आते खोदानं नही.”

हिंमतराव मान खाली घालून परतले. मी रिकामीच होते.

माती जपा, असे मी तुम्हाला सांगणार होते, मित्रांनो. तो अधिकार माझ्याकडे उरला नाही. म्हणून एवढेच मागते. एखादी गोष्ट लोकांना दाखवायचे काम तुमच्या हाती आले, तर ती आहे तशी दाखवा. चार बोटे असेल, तर चारच बोटे. पाहुण्यांना नाही आवडली, तर ते आपल्या घरी जातील. छबूबाईला जायला दुसरे वावर नव्हते.