कोमट माती

नेल्बाने कुंडीला दोन्ही हातांची कवळ घातली, वीतभर वर उचलली आणि तशीच धरून राहिली. पाणी तोडलेली कुंडी हलकी लागायला हवी होती. ही तर नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखी जडशीळ आणि ओलीगच्च लागत होती.

तिने ती खाली ठेवून दुसरी उचलली. तीही तशीच. जांभळ्या दिव्याखाली गांजाची सगळी झाडं माना टाकून उभी होती. तहानेने सुकलेलं पान कागदासारखं पातळ होतं, पण ही पानं फुगून जाड झाली होती आणि त्यांची टोकं खाली वळली होती. हात सैल सोडून कुणीतरी रांगेत मुकाट उभं राहावं, तशी ती दिसत होती. त्यातलं खुर्चीजवळचं झाड तर जवळजवळ गेलंच होतं.

खुर्ची विल्मारची होती. खोलीही त्याचीच. घरात इतकी झाडं लावायची रीतसर नोंदणी त्यानेच केली होती आणि ही रोपंही त्यानेच रुजवली होती. पानगळीच्या दिवसांत नेल्बाचा हा धाकटा भाऊ त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आता जुलैचा, इथल्या ऐन हिवाळ्याचा कडाका सुरू होता, अख्ख्या दुरास्नो गावातल्या भिंतींना घाम फुटला होता आणि झाडं नेल्बाच्या गळ्यात पडली होती.

पलीकडच्या खोलीतून बारीक, ताणलेला आवाज आला. आईच्या गालातली नस उठली होती. कळ आली की म्हातारी उशीचा कोपरा दातांत धरायची. गोळ्या तिच्या पोटात ठरत नसत. विल्मार या झाडांच्या फुलांचं तेल काढायचा, त्याचे दोन थेंब जिभेखाली गेले की ती झोपायची. त्या तेलाची बाटली आता तळाला आली होती. झाडं मेली, तर पुढे काय, हे नेल्बा स्वतःलाही विचारत नव्हती.

ती बाटली घेऊन आईकडे गेली.

"आई, त्या खोलीत कुणी येतं का गं, मी कामावर गेल्यावर?"

"येतो ना. देशाचा राष्ट्राध्यक्ष येतो." आईने जीभ वर केली, थेंब घेतले आणि डोळे मिटले. "भिंतींना घाम सुटलाय, मातीलाही सुटला असेल."

दुसऱ्या दिवशी पोचो आला. पोचो म्हणजे विल्मारचा जिवलग दोस्त. अंगाने गोल, गावातल्या गांजा लावणाऱ्यांच्या मंडळाचा खजिनदार. रिपरिप चालू होती म्हणून त्याने बायकोने तळलेल्या गरम तोर्ता, पावसाळी दिवशी घरोघर होणाऱ्या जाडसर पुऱ्या, फडक्यात बांधून आणल्या होत्या, आणि त्यातली एक तो वाटेतच खात आला होता.

"बुडवतेस तू यांना," तो पानाला बोट लावून म्हणाला. "बदकं पाळलीयेस का?"

"थेंब दिलेला नाहीये मी. तुझी शपथ."

"माझी नको, तुझी घे."

त्याने हसत हसत मातीत बोट खुपसलं. हसू ओठांवरच राहिलं. बोट बाहेर काढून त्याने ते गालाला लावून बघितलं, मग नेल्बाचा हात धरून तिचं बोट त्याच जागी खुपसलं.

खोली इतकी गार होती की बोलताना तोंडातून वाफ येत होती. आणि माती कोमट होती.

पोचोने दिव्याकडे हात नेला, पण तो वर, लांब होता. त्याने कुंडीखाली हात घातला. तिथे नुसती थंड फरशी. मग त्याने थोडी माती तळहातावर घेऊन चुरली. त्यात उकळलेल्या चहापत्तीसारखे हिरवे, भिजलेले कण निघाले.

"येर्बा आहे ही," तो म्हणाला. "पिऊन झालेली. येर्बाचं उरलेलं गरम पाणी ओततंय कुणीतरी. मुळं शिजलीयेत, बाई."

"मी तर शाळेच्या स्वयंपाकघरातच पिते. घरी कुठला वेळ?"

"मग विल्मारच पीत असणा..."

 खुर्चीकडे पाठ होती, म्हणून तो जरासा तिरपा झाला. जाताना उरलेल्या तोर्ता न्यायलाही विसरला, आणि पोचो खाणं विसरला म्हणजे तो खरंच घाबरला होता.

त्यानंतर नेल्बा कामाला निघताना खोलीचं दार लोटून घेऊ लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी ते दार किलकिलं असायचं.

आणि एक दिवस शिक्षकांनी संप केला. पोरंच नाहीत तर जेवण कुणासाठी रांधायचं? नेल्बा दुपारीच परत आली. अंगणात पाय ठेवला तोच आतून आईचं बोलणं ऐकू आलं. रडणं नाही, कण्हणं नाही. पाहुणा आला की लागतो तो मोकळा, खट्याळ सूर. मध्ये ती थांबत होती. समोरच्याला बोलू द्यायला माणूस थांबतं, तितकाच वेळ.

"...नि त्या पोचोच्या पोटाचा घेर बघितलास का?" आई म्हणत होती. मग थांबली. मग हसली.

नेल्बाने दार ढकललं.

जांभळ्या उजेडात आई आपल्या चार पायांच्या कुबडीला टेकून स्टुलावर बसली होती. काखेत थर्मास, हातात येर्बाने भरलेला छोटा तुंबा, त्यात खोचलेली चांदीची नळी. तिने तुंब्यात गरम पाणी ओतलं, तो अलगद खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि वाट पाहिली. मग तुंबा उचलून खुर्चीजवळच्या कुंडीत उपडा केला. पुन्हा भरला. यावेळी शेजारच्या कुंडीत.

"आई! काय करत्येस?"

"ओरडू नकोस. भाऊ बसलाय."

नेल्बाने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. झाडांसाठी लावलेल्या पंख्याच्या वाऱ्याने तिच्या पाठीवरचं विल्मारचं जाकीट हलत होतं.

"आई, झाडं मरतायत. ही मेली तर तुझ्या गालाचं काय?"

"माझा गाल माझ्याबरोबर जाईल. हा अडकलाय." आईने पुन्हा पाणी ओतलं. हात स्थिर होता. "त्या दिवशी मी देत होते आणि हा पीत होता. पुढचा भरून याच्या हातात दिला, तर बोटांनी धरलाच नाही. ग्रासियास म्हणाला नाही, नेल्बे. न म्हणताच गेला."

  येर्बा देणाऱ्याने देत राहायचं आणि घेणाऱ्याने, बास झालं की, ग्रासियास, म्हणजे आभार, म्हणायचं. तो शब्द येण्याआधी तुंबा भरणं थांबवणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं. आणि शब्द आला की देणाऱ्याने अंगी लागू दे म्हणायचं, मग ती बैठक मोडते. दुधाचे दात पडायच्या आधी हे प्रत्येक पोराला कळतं.

"मी म्हणते त्याच्या वतीने," नेल्बा शेवटी म्हणाली.

"तू कशी म्हणशील? तू प्यायलीस का?"

आईने तुंबा काठोकाठ भरला. पाण्यावर हिरवा फेस आला. तिने तो खुर्चीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. नेल्बा पुढे झाली. आता आई काही म्हणो, आपण शब्द उच्चारायचा आणि थर्मास काढून घ्यायचा, असं तिने ठरवलं. तिची नजर तुंब्यावरच होती. तिने तोंड उघडलं. शब्द अजून जिभेखालीच होता.

"अंगी लागू दे, राजा," आई म्हणाली.

खुर्चीकडे बघून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल पडल्या होत्या. तिने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट बसवलं, कुबडी पुढे सरकवली आणि उठली.

"घे, वाचव आता तुझी झाडं. आणि चुलीत लाकूड घाल, गारठले मी इथे बसून बसून."

कुबडीची ठकठक पलीकडच्या खोलीपर्यंत गेली. पलंग करकरला.

नेल्बाने खुर्चीवरचा तुंबा उचलला. ओल्या पाल्यातून नळी बाजूला केली, आत डोकावली. मग कुंडीपासून लांब, फरशीवर तो उपडा धरला. दोनदा हलवला. पाल्याचा गोळा तेवढा खाली पडला. पाणी नव्हतं. खुर्चीच्या बैठकीवरून तिने हात फिरवला, ती कोरडी होती.

तिने पाला गोळा करून केराच्या डब्यात टाकला. तुंबा धुवायला नळाखाली धरला, नळ सोडला नाही. तो तसाच फडताळात ठेवून ती चुलीत लाकूड घालायला गेली.