उरलेला दीड ॲम्पिअर

परतूरच्या सरकी-कापसाच्या जिनिंगमधला कारकून बद्रीनाथ. त्याच्या घरच्या न्हाणीचा पत्रा झिणझिण्या देऊ लागला, तेव्हा त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, त्या झिणझिण्यांना औषधच ठरवून टाकलं. पत्र्याला तळहात टेकवला की अंगभर मुंग्या येत आणि गुडघ्याचं दुखणं मेल्यागत होई. मग शेजारची तुळजाबाई आली, तिच्यामागून तिची जाऊ. वरून तांब्याभर पाणी ओतलं की जोर वाढतो, हेही बायांनी शोधून काढलं.

सून पुष्पा पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून आलेली. हा इलाज नाही, तार कुठंतरी पत्र्याला लागलीय, असं तिने परोपरीने सांगितलं. सगुणाबाई हसल्या.

"शिकलेल्या बाईला समद्यातच मरण दिसतं."

त्या दुपारी पुष्पा वाळवण घेऊन आत आली, तर सासूबाई तिच्या लेकीला, यमूला, घेऊन न्हाणीत. पोर सव्वा वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. त्याचा घोर पुष्पाच्याही जिवाला होताच. सगुणाबाई पोरीचे पाय ओल्या फरशीवर टेकवत होत्या.

"धर माय, पत्रा धर. घोडीवानी पळशील."

पुष्पाने पोरीला हिसकावून घेतलं. "आत्याबाई, पुन्हा हिला इथं आणलंत तर..."

"तर काय करशील? लंगडी ठिवशील का पोरीला?"

उत्तर द्यायला पुष्पा थांबली नाही. यमूला काखोटीला मारून ती तडक जिनिंगच्या इंजिनघरात शिरली; कामगारांच्या घरांची वीज तिथूनच येई. तिथं कधी बाईमाणूस आलेलं नव्हतं. मिस्त्री ख्वाजामियाँ चटकन उठून उभा राहिला. हिशेबाची वही घेऊन तिथं आलेल्या बद्रीनाथने डोळे वटारले.

"घरांची लाईन बंद करा. आत्ता."

"हळू बोल! तीच लाईन मालकाच्या बंगल्यावर जाते. तहसीलदारसाहेब पंख्याखाली जेवायला बसलेत. आणि झालंय काय? तो बघ काटा, एकशे दहावर. करंट बराबर आहे."

"तो करंटचा काटा नव्हेच!" पुष्पाचा आवाज इंजिनाच्या वर गेला. "तो नुसता दाब सांगतो. हौद भरलाय, एवढंच. पाटातून वाहतंय किती, ते शेजारचा काटा सांगतो. त्याच्याकडे बघितलंय कधी?"

शेजारचा काटा दोनावर होता.

"भरदुपारी कुणाचा दिवा चालू नाही. ख्वाजामियाँ, बंगल्यावरचा पंखा किती घेतो?"

"आधा ॲम्पिअर, बाईसाब. त्याच्यावर बिलकुल न्हाई."

"मग उरलेला दीड कुठं चाललाय?"

ख्वाजामियाँ वाकून काट्याकडे बघू लागला.

"माझ्या न्हाणीतून जमिनीत चाललाय! आणि यांच्या आई त्यात माझी पोर उभी करतायत, पायात बळ यावं म्हणून!"

"साहेबांचं जेवण उरकू दे," बद्रीनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "मंग बघतो. नोकरीचा सवाल आहे."

"बरं. मग पाय ओले करा, घरी चला, आणि साहेबांचा हात धुऊन होईस्तोवर तुम्ही तो पत्रा धरून उभे राहा."

बद्रीनाथने उजवा हात पाठीमागे नेला. पुष्पाने ते पाहिलं.

"तुम्हाला बसलाय झटका."

"परवा. दंडापर्यंत गेल्ता."

"आणि बोलला नाहीत?"

"आईला बरं वाटून राह्यलं होतं... म्हटलं, कशाला..."

पुष्पाने खटका खाली ओढला. काटा शून्यावर पडला. लगोलग बंगल्याकडून ओरडा आला, "पंखा! अरे, पंखा!" बद्रीनाथ खटक्याच्या दांड्याकडे झेपावला, ती आडवी उभी राहिली.

"ख्वाजामियाँ, शिडी घ्या. तार पत्र्यावरून सुटल्याशिवाय इथं कुणाचा हात लागणार नाही. यांचाही नाही."

बंगल्याचा शिपाई धापा टाकत दारात आला. "कुणी बंद केलं?"

"मी," पुष्पा म्हणाली. "साहेबांना सांगा, टोपीने वारा घ्या म्हणावं."

ख्वाजामियाँने हसू मिशीत दाबलं आणि शिडी उचलली. बद्रीनाथ क्षणभर घुटमळला, मग शिडीचं दुसरं टोक खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालू लागला.

कडेवरच्या यमूने खटक्याच्या चकचकीत पितळेकडे हात लांबवला. पुष्पाने ती एवढीशी मूठ आपल्या मुठीत आवळली. पोर कळवळून रडली. तरी पुष्पाने पकड सैल केली नाही.