तपासणाऱ्याची सही

हरिदास मेश्राम आपल्या लेकीचं काम समता कॉलनीतल्या ज्याला त्याला समजावून सांगत. एकदा तावडीत सापडला की ऐकणाऱ्याची सुटका नसे. दूर कुठं तरी एखादा तारा मरतो आणि मरताना गॅमा किरणांचा असा लोट सोडतो, की काही सेकंद सगळं आभाळ त्यापुढं फिकं पडावं. आपला उपग्रह तो टिपतो. पण लोट आला कुठून? हे किरण भिंगाला दाद देत नाहीत. मग उपग्रहाच्याच अंगाची सावली आतल्या यंत्रावर कशी पडली, ते पाहून चेतना दिशा काढते. "भिंतीवरची सावली पाहून दिवा कुठं ठेवला ते सांगावं, तसं हाय," असं म्हणून हरिदास समोरच्याचं तोंड निरखत.

त्यासाठी उपग्रहाचा एकेक पत्रा, एकेक स्क्रू संगणकात जागच्या जागी असावा लागतो. बत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात ड्रॉइंगं काढलेल्या माणसाला याचंच अप्रूप जास्त होतं.

चेतना आली होती आईच्या, मायाच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. सुट्टी नावालाच, ड्युटी काही सुटली नव्हती. मंगळवारी सकाळी पावणेदहाला तिचा मोबाइल किंचाळला; उपग्रहानं नवा स्फोट टिपला होता. तिनं चहा तसाच ठेवला आणि अकराच्या आत त्या स्फोटाची आभाळातली जागा जगभर कळवली. ही जबाबदारी पहिल्यांदाच तिच्यावर आली होती. चिलीत तेव्हा रात्र होती. तिथल्या मोठ्या दुर्बिणीनं हातातलं काम सोडून तिकडं तोंड वळवलं.

एक वाजता उत्तर आलं. तिथं काहीच नव्हतं.

चेतनाचा चेहरा उतरला. "बाबा, तीन घंट्यात तिथं उजाडते. स्फोटामागं थोडासा उजेड राहते, तो उद्यापर्यंत विझून जाते. मंग हा तारा पुन्हा कोणालेच सापडत नाही."

"ड्रॉइंग दाखव मले."

"तुम्हाले त्यातलं काय कळन?"

"ताऱ्यातलं नाही कळत. ड्रॉइंगमधलं कळते."

पडद्यावर उपग्रह उमटला. दुसरा कुणी चित्र बघत बसला असता. हरिदासांची नजर सवयीनं उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात गेली. आवृत्ती तिसरी. मग त्यांनी सुट्या भागांची यादी उघडायला लावली. तिच्या कोपऱ्यात आवृत्ती चौथी. "सोलर पॅनेलची जागा बदलली यात. तू जुनं ड्रॉइंग वापरून राहिली, पोरी."

चेतनानं अभिनवला फोन लावला. तो तिच्या गटात नुकताच लागला होता. "दीदी, पिछले हफ्ते फाइल मैंने ही डाली थी," तो म्हणाला. "मेरी नौकरी अभी पक्की भी नहीं हुई है।"

"पहले हिसाब फिर से चलाओ," चेतना म्हणाली. "बाकी मैं देखती हूँ।"

अर्ध्या तासात नवी जागा आली. जुनीपासून नऊ अंश दूर, म्हणजे पौर्णिमेचे अठरा चंद्र ओळीनं मांडावेत इतकी लांब. चेतना दुरुस्ती लिहायला बसली. हरिदास मागून वाचत होते. पहिली जागा चुकीची होती. तपासणी माझी होती, चूक माझी आहे. खाली चेतना मेश्राम.

"काहून आपलं नाव टाकून राहिली?" हरिदास न राहवून म्हणाले. "चूक त्या पोट्ट्याची हाय. अख्खं जग वाचन हे!"

"ड्रॉइंग काढणारा कधी तरी चुकतेच, बाबा. म्हणून तर तपासणारा ठेवतात. तुमच्या कारखान्यात असंच नव्हतं का?"

एवढं बोलून तिनं बटण दाबलं.

सव्वातीनला चिलीहून फोटो आला. नव्या जागेच्या आत एक फिकट ठिपका होता. पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला तो उजेड, आणि त्याच्याकडं कुठं बघायचं ते आपल्या पोरीनं या खोलीतून सांगितलं! हरिदासांचा ऊर भरून आला. चूक कळली तेव्हा न रडलेली चेतना आता हसता हसता रडत होती आणि माया काळा चष्मा लावून "सापडला का व?" म्हणून तिसऱ्यांदा विचारत होती.

हरिदासांना मात्र त्या ठिपक्यापेक्षा पोरीचं 'चूक माझी आहे' हे एक वाक्यच मोठं वाटत होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या विभागात एका ड्रॉइंगवर बारा मिलिमीटर चुकले होते. ओतलेला सगळा माल भंगारात गेला. काढणारा म्हणून सही नत्थूची होती, तपासणारा म्हणून हरिदासांची. साहेबांनी कागद पुढं केला, तेव्हा हरिदासांनी नत्थूच्या सहीवर बोट ठेवलं. नत्थूची नोकरी गेली. आता तो अभनपूरला पंप दुरुस्तीचं दुकान चालवत होता, आणि त्या रस्त्यानं जायची वेळ आली की हरिदास मान दुसरीकडं वळवत.

त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"एवढ्या उन्हात कुठं निघाले?" मायानं विचारलं.

"अभनपूरले. नत्थूकडं."

"काहून? आज काय हाय तिथं?"

हरिदास दारात थांबले. चेतनाही डोळे पुसत त्यांच्याकडं बघू लागली. लेकीसमोर हे बोलायची त्यांना लाज वाटत होती. पण ते बोलले.

"त्याची नोकरी माह्यामुळं गेली. हे मी त्याले अजून सांगितलं नाही."