देवराव कंडक्टरचा बाक

मंगळवारी देवराव डबा घेऊन पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या मुलीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तांड्यावरच्या पाच बाया बसल्या होत्या आणि आत, बंद दारामागे, सहावी गप्प बसली होती. हे आता नेमाचं झालं होतं. अर्पिता आत प्रश्न विचारायची आणि उत्तरं बाहेर तिच्या वडलांना मिळायची.

देवरावांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. तांड्यांची गोरबोली त्यांना बऱ्यापैकी यायची, गोंडी कामापुरती, आणि कोलामी इतकीच की ऐकणारा कोलाम हसून अर्धमेला व्हावा. निवृत्तीनंतर शेत धाकट्या भावानं सांभाळलं, देवरावांनी बाक सांभाळला. लेक समुपदेशक होती, लोकांचं मन मोकळं करण्याची तिला पदवी होती. यांना नव्हती, एवढाच काय तो फरक.

रुपीबाई बाहेर पडली, बाया तिला घेऊन गेल्या. देवराव आत येऊन पेशंटच्या खुर्चीवर पाय मुडपून बसले.

"काय म्हणते रुपीबाई?"

"बाबा, आतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं."

"आत बोलणं झालं कुठं? मी तं दारालेच टेकून होतो."

अर्पितानं पोळीचा तुकडा मोडला. समोरच्या कागदावर तिनं तिसऱ्यांदा लिहिलं होतं, सहकार्य करत नाही.

"तुहं कुठं चुकते सांगू?"

"नको."

"तू पयलेच इचारते, कसं वाटते. हे काय अनोळखी माणसाले सांगाची गोष्ट आहे? तुह्या खोलीत आला का माणसाले वाटते, पेपर द्याले आलो. मी इचारतो, कुठचे? मंग माणूस गाव सांगते, गावावरून सोयरे निघतात, सोयऱ्यावरून भांडण निघते. तिकीट फाडेपर्यंत अर्धं दुःख बाहेर."

"आणि उरलेलं?"

"ते उतरताना. दांडा धरून." त्यांनी तिच्या ताटात ठेचा सरकवला. "तिची लहान बहीण तेलंगणात कापूस वेचाले गेलती. तिकडंच वारली. हिले मातीले जाता नाही आलं. तवापासून झोप नाही. तिले एकटीले काहून बसवते? सगळ्यायले आत घे."

"एका वेळी एकच माणूस, बाबा. खाजगी असतं ते."

"तांड्यात खाजगी काय रायते? एकीचं डोकं दुखलं तं पाच जणी बाम घेऊन येतात."

ते बरोबर बोलत होते, हीच अडचण होती. मागे पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, एक म्हातारा दार लावलं की तोंडही लावून घ्यायचा. देवराव म्हणाले, खुर्च्या कडुनिंबाखाली काढ. तिनं कुरकुरत काढल्या आणि म्हातारा दोन तास बोलला. यवतमाळच्या बैठकीत साहेबांनी तिचं कौतुक केलं, स्थानिक संस्कृतीची एवढी जाण कुठून आली, असं विचारलं. "अनुभवातून, सर," अर्पिता म्हणाली. आपल्याला अनुभव हा हुद्दा मिळाल्याचं देवरावांना कधी कळलं नाही. सांगू, असं ती दर आठवड्याला ठरवायची. पण डब्याबरोबर नवा सल्ला यायचा आणि सांगणं राहून जायचं.

तेवढ्यात नवे डॉक्टर दारात डोकावले. मळकी बंडी, मुडपलेला पाय, बोटाला लागलेला ठेचा, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"पेशंट आहेत का? मी नंतर येतो."

"नाही सर," अर्पिता घाईनं म्हणाली, "पेशंटबरोबर आलेत."

डॉक्टर गेले. देवरावांनी पाय खाली सोडला, हात धुतला, डबा बांधला.

"मी कोनत्या पेशंटसंग आलो, तेवढं सांगून ठेव," ते म्हणाले. "कोनी इचारलं तं पंचाईत."

ते हसत होते. तिला हसू आलं नाही. पकडलं गेलेलं माणूस चिडतं, तशी ती चिडली. "उद्यापासून डबा गेटवरच ठेवत जा, बाबा. इथे बसू नका."

"बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव दात घासता घासता ओट्यावर टेकले, ते टेकलेच.

अर्पितानं सगळं नीट पार पाडलं. भेटायला आलेल्यांना पाणी दिलं, आईला वेळेवर गोळी दिली. दुःखावर तिच्याकडे नऊ पुस्तकं होती आणि नऊही वाचलेली होती. पोरगी रडत कशी नाही, असं कोणी पुटपुटलं, तर शिकलेली आहे, असं उत्तर दुसऱ्या कोपऱ्यातून यायचं. रात्री मात्र तिला ते एकच वाक्य ऐकू यायचं, पेशंटबरोबर आलेत. माफी मागायची तर माणूस समोर लागतो. समोर नसेल तर ते कुणाजवळ आणि कसं बोलायचं, ते नऊंपैकी एकाही पुस्तकात नव्हतं.

तेरवी झाल्यावर ती कामावर आली. बाकावर सहाही जणी होत्या. तिनं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं.

"सगळ्याच या आत."

खुर्च्या दोनच, म्हणून सगळ्या खाली बसल्या. अर्पिताही बसली.

"आमाले रविवारी समजलं," रुपीबाई म्हणाली. ती पुढे सरकली, अर्पिताच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला. ते रडणं होतं, पण त्यात शब्द होते, चाल होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास होता. शेजारच्या सोनीबाईनं तसाच सूर खालून धरला. तरुण बबिता हळू आवाजात एकेका ओळीचा अर्थ मराठीत सांगत गेली. आधी बहीण आली, परमुलखात एकटी निजलेली. मग भाऊ आला, कंडक्टर. टेकडीपाशी थांबा नव्हता, तिथे तू घंटी मारायचास. माझं बोकड गाडीत घेतलंस, वर त्याला खिडकीची जागा मागितलीस. भाऊ, आता घंटी कोण मारणार.

मग रुपीबाई थांबली. डोळे पुसून, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, ती सरळ अर्पिताकडे पाहत राहिली.

"तिचं झालं, मॅडम," बबिता म्हणाली. "आता तुमचं."

"माझं काय?"

"एकीनं सांगितलं का दुसरीनं बी सांगा लागते. नाहीतं पयलीचं अर्धंच रायते."

"मला तसं गाता येत नाही."

"शिकलेल्या बायायले सूर सापडतच नाही," म्हातारी सोनीबाई म्हणाली. "बिनसुराचं चालते. मेलेलं माणूस काय चाल तपासते?"

बाया हसल्या. रुपीबाईही हसली, पण तिनं अर्पिताचा हात सोडला नाही.

"कोणाला सांगायचं?"

"त्याईलेच. दुसऱ्याले सांगून काय फायदा?"

बाहेर कोणीतरी नंबर विचारत होतं. उघड्या दारातून जाणारे येणारे आत पाहत होते. नवे डॉक्टरही क्षणभर थांबले, मग पुढे गेले.

"बाबा," ती म्हणाली. रुपीबाईनं हात जरा दाबला.

"बाबा, तो डॉक्टर आलता तवा मले तुमची लाज वाटली. माहे बाबा आहेत, एवढं म्हणता नाही आलं मले. अन् मीटिंगमधी माहं माहं म्हणून जे सांगत होती, ते सगळं तुमचं होतं."