न रडणारी पोरं

"सुभद्राबाईकडे पोर ठेवतेस, तर ध्यान ठेव वर्षा. तिच्याकडची पोरं रडत नाहीत," नळावर गल्लीतली सुंदरा म्हणाली होती.

वर्षा हसली. "मग बरंच की. तुझंही पाठव."

बालवाडीत शिकवायची नोकरी लागली तेव्हा तान्ह्या स्वातीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न शेजारच्या सुभद्राबाईंनीच सोडवला होता. त्या घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या आणि गल्लीतल्या भिकनचा तान्हा शुभमही सांभाळायच्या. "तू बिनघोर जा. माझं ध्यान आहे," म्हणायच्या. वर्षा शिकली त्या अमळनेरच्या कॉलेजात ध्यान म्हणजे डोळे मिटून करायची गोष्ट. सुरतेत लिंबायतच्या या गल्लीत मात्र, अहिराणीत काय नि गुजरातीत काय, ध्यान म्हणजे डोळे उघडे ठेवणं. वर्षाला त्याची गंमत वाटायची.

मग एका संध्याकाळी तिनं खुळखुळा वाजवला आणि स्वाती नुसती पडून राहिली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. शीसुद्धा रोज होत नव्हती.

"तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं," नवरा, ललित, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्षा बालवाडीतून मधेच निघाली आणि चपला बाहेर काढून, चाहूल न देता सुभद्राबाईंच्या दारात उभी राहिली.

भिंतीपलीकडच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत होते. साड्यांच्या ढिगाशेजारी दोन्ही पोरं गाढ झोपलेली. शुभमच्या ओठावर माशी बसली होती, तरी त्याचा ओठ हलला नाही. सुभद्राबाईंची कात्री चालूच होती.

"आज लवकर गं?"

"डोकं दुखतंय. यांना दुपारी काय देता?"

"जायफळ उगाळते. तुझ्या आईनं नाही दिलं तुला?"

कोनाड्यातली सहाण अजून ओली होती. वर्षानं बोट फिरवून जिभेला लावलं. कडूजहर. जायफळ इतकं कडू कुठे असतं?

"अफू आहे यात."

"कणभर," सुभद्राबाई मान वर न करता म्हणाल्या. "सगळेच देतात. कामाला हात मोकळे नकोत? तुम्हा शिकलेल्यांना जिथं तिथं विषच दिसतं."

स्वातीला उचलून वर्षा थेट दवाखान्यात गेली. अफू सुटली तशी पुढचे काही दिवस पोर किंचाळत राहिली, गल्लीनं नाकं मुरडली. वर्षाला ते रडणं गोड लागलं.

भिकन हजीऱ्याला बांधकामावर जायचा. तिनं त्याला गाठून सगळं सांगितलं.

"वहिनी, माझं पोरगं शहाणं आहे," तो म्हणाला. "तुमचं रडतं त्याला मी काय करू?"

त्याच्या बायकोनं तर बोलणंच टाकलं. पुढे ललितला चलथाणला काम लागलं आणि खोली सुटली. शुभम तिथंच राहिला.

वर्षाला आता त्या दारात कुणी उभं करत नाही. तुम्हाला करतील. लिंबायतकडे जाणं झालं, तर लूमच्या भिंतीला लागून असलेल्या त्या खोलीत दुपारी डोकवा. शुभमला उचलून घ्या, जागा होतो का बघा. आणि नाहीच झाला, तर भिकनची वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.