मांडवगडावरची रताळी

आमचे हे, म्हणजे लोकांचे मानाजी, धरमपुरीला नर्मदेकाठी रताळी लावायचे. दसऱ्याला वेल लावायचा आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी खणायचं, हा सासऱ्यांपासूनचा नेम. पहिली टोपली धारच्या राजवाड्यात उपासाला जायची.

त्यावर खूश होऊन दरबारच्या बागांचे कारभारी यशवंतराव यांनी मांडवगडावरची नवी बाग यांच्या हवाली केली. बागेत विहीर आणि दोन खोल्यांचं पक्कं घर. गडावरची रताळी शिवरात्रीला राजवाड्यात पोचली तर घर कायमचं आमचं, असं ठरलं. दोनदा पुरात झोपडी गेली होती माझी. घर म्हणजे काय ते मला विचारा.

गडावरची थंडी मेली हाडांत शिरायची. पौषभर वेल वीतभरही सरकला नाही. माघात मी माती उकरून पाहिली, तर मुळं करंगळीएवढी. यांना म्हटलं, इथे खालच्यासारखी ऊब नाही, यशवंतरावांकडून दोन महिने मागून घ्या. हे माझ्यावरच डाफरले. वडिलांनी घालून दिलेला हिशेब गड चढला म्हणून बदलतो का, म्हणाले. मी हट्ट सोडला. सोडायला नको होता.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी यशवंतराव स्वतः आले. यांनी ऐटीत कुदळ मारली. एक सरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. निघाल्या नुसत्या उंदराच्या शेपट्या.

"मानाजी, संध्याकाळपर्यंत घर मोकळं करा," यशवंतराव म्हणाले.

मी पदर पसरला. उरलेला वेल ऊन तापेपर्यंत राहू द्या म्हटलं. बाईमाणसाचं कोण ऐकतो?

बाग शालिग्राम नावाच्या दुसऱ्या माळ्याला मिळाली. हा बाबा इतका आळशी की उरलेला वेल उपटायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. बागेतल्या पेरूंना सोडलेलं पाणी आपसूक वेलाला मिळत राहिलं. चैत्रात त्याने सहज खणून पाहिलं, तर मनगटाएवढी रताळी. यशवंतरावांनी त्याला शेला पांघरवला.

त्यातली एक टोपली त्याने आम्हाला धरमपुरीला धाडली. एकादशीच होती. मी रताळी उकडून यांच्यापुढे ठेवली. मनात म्हटलं, आता तरी कबूल करतील. यांनी एक फोड बराच वेळ चघळली.

"गोड आहेत," हे म्हणाले. "शालिग्रामच्या हाताला गुण आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या आळशाचा हात चालला यांना, पण वडिलांचा हिशेब चुकला हे तोंडातून निघेना. मी ताट उचललं आणि दारातल्या गाईपुढे रिकामं केलं.